परदेशी पासपोर्टवर मराठवाड्यात परतताना: निवृत्तांनी काय करावं आणि कोणत्या क्रमानं

माझी थोरली बहीण आणि दाजी चौतीस वर्षं अमेरिकेत राहून तीन वर्षांपूर्वी लातूरला कायमचे राहायला आले. दोघंही अमेरिकी नागरिक. मी बँकेतून निवृत्त झालेलो, त्यामुळं कागदांचं सगळं माझ्या गळ्यात आलं, आणि मीही ते आनंदानं घेतलं. पहिल्या आठ महिन्यांत तहसील, आधार केंद्र, आरटीओ, दोन बँका आणि सी.ए. यांच्याकडे आम्ही इतके हेलपाटे घातले की आक्का एकदा तहसीलच्या पायरीवर बसूनच राहिली. म्हणाली, "बाळू, मी इथं जन्मले रे. मग मलाच का विचारतात मी कोण म्हणून?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आपल्याकडं एकच माणूस चार कायद्यांना चार वेगळा दिसतो. नागरिकत्वाच्या कायद्यात आक्का परदेशी आहे. आयकर खातं पासपोर्ट बघत नाही, ती भारतात किती दिवस राहिली ते मोजतं. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, ती इथं कशासाठी आली, राहायला की फिरायला, ते बघतो. आणि महसूल खात्यासाठी ती आमच्या वडिलांची वारस आहे, बाकी काही नाही. एका दारात खरं असलेलं उत्तर दुसऱ्या दारात चालत नाही. हे एकदा ध्यानात घेतलं की निम्मा त्रास कमी होतो. उरलेला निम्मा क्रम चुकल्यामुळं होतो, म्हणून खाली सगळं क्रमानंच सांगतो.

पायरी पहिली: आपण कोणत्या गटात बसतो ते बघा

आखातात नोकरी करून परत येणाऱ्यांचा पासपोर्ट भारतीयच असतो. त्यांना व्हिसाबिसाचं काही नाही, फक्त बँक आणि कराचा भाग वाचावा. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेले आईवडीलही भारतीय नागरिकच. त्यांची अडचण उलटी आहे: परवानगी न घेता वर्षाहून जास्त काळ अमेरिकेबाहेर राहिले तर ते कार्डच धोक्यात येतं. जास्त राहायचं असेल तर अमेरिका सोडण्याआधीच रीएंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो, आणि तेही साधारण दोन वर्षांपुरतंच मिळतं.

तुम्ही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्या दिवशीच भारतीय नागरिकत्व संपलं. १९५५च्या नागरिकत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. "माझा जुना पासपोर्ट अजून पेटीत आहे" असं कौतुकानं सांगणारे मला भेटले आहेत. तो पासपोर्ट वकिलातीत जमा करून समर्पण प्रमाणपत्र घ्यायचं असतं. नंतर तो वापरून प्रवास केला असेल तर दंडही लागतो.

ज्यांचं भारताशी ना जन्माचं नातं ना लग्नाचं, त्यांना स्पष्टच सांगतो: थायलंड किंवा पोर्तुगालसारखा निवृत्तांसाठीचा व्हिसा भारतात नाही. पर्यटक व्हिसावर एका वेळी फार तर १८० दिवस राहता येतं, काही देशांच्या नागरिकांना त्याहूनही कमी. वेरूळच्या प्रेमात पडलेल्या पाहुण्यांना हिवाळा इथं काढता येईल, पण घर करता येणार नाही.

पायरी दुसरी: ओसीआय कार्ड, आणि ते तिकडूनच

पूर्वी भारतीय नागरिक असलेल्यांसाठी ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', हाच रस्ता. ते नागरिकत्व नाही, नावात तसं वाटत असलं तरी. तो जन्मभराचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा आहे. कितीही दिवस राहा, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात, ज्याला सगळे एफआरआरओ म्हणतात, नाव नोंदवावं लागत नाही. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हा शेवटचा मुद्दा मराठवाड्यात सगळ्यात जास्त लोकांना लागतो, त्यावर पुढं सविस्तर लिहितो.

परदेशातून अर्ज केला तर फी २७५ डॉलर, भारतात येऊन केला तर १५,००० रुपये. माझा आग्रह आहे की तिकडूनच करा. समर्पण प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हे सगळं तिथंच हाताशी असतं. इथं येऊन एखादा कागद कमी पडला की तो मागवायला महिना जातो.

पासपोर्ट नवा केला की ओसीआय पुन्हा काढावं लागतं, ही समजूत जुनी झाली. २०२१मध्ये नियम सैल झाले. वयाच्या विसाव्या वर्षानंतर कार्ड काढलेल्यांना पुन्हा काढायची गरज नाही. मात्र पन्नाशी उलटल्यावर जो नवा पासपोर्ट येईल, त्याची प्रत आणि नवा फोटो तीन महिन्यांच्या आत ओसीआयच्या संकेतस्थळावर एकदा चढवायचा असतो. त्याला पैसे लागत नाहीत. दाजींनी हे केलं नव्हतं, आम्ही एका संध्याकाळी घरच्या संगणकावर वीस मिनिटांत उरकलं.

नवरा किंवा बायको मूळची परदेशी असेल तर लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. त्यांना मात्र दर नव्या पासपोर्टला कागद चढवावे लागतात आणि लग्न कायम आहे असं लिहून द्यावं लागतं. ओसीआय मिळेपर्यंत असा जोडीदार एन्ट्री व्हिसावर येतो. तो १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. अर्ज ऑनलाइन होतो, लातूर-नांदेडहून मुंबईला पळायची गरज सहसा पडत नाही. १ सप्टेंबर २०२५पासून परदेशी नागरिकांसाठीचे जुने चार कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला आहे, त्यामुळं जुन्या व्हॉट्सॲप संदेशांवर विसंबू नका. परदेशी माणसाला राहायला जागा देणाऱ्यानं २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं, हा दंडक आहेच. नातवंडांचे मित्र पाहुणे म्हणून उतरले तर हे लक्षात ठेवा.

पायरी तिसरी: नाव जुळवा. ही पायरी चुकवू नका

माझ्या मते सगळ्या त्रासाचं मूळ इथं आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आक्काच्या अमेरिकी पासपोर्टावर तिचं नाव आणि सासरचं आडनाव, एवढंच. मधलं नाव नाही. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर माहेरचं आडनाव आणि आमच्या वडिलांचं नाव. सासरच्या गावी ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदीत, ती 'सुनंदाबाई भ्र.' आणि पुढं दाजींचं घरगुती नाव. आपल्याकडच्या जुन्या उताऱ्यांत हे 'भ्र.' आणि 'पि.' सगळीकडं दिसतात, भ्रतार आणि पिता. आडनाव कुठंच नाही. परदेशात वाढलेल्या मुलांना हे वाचून दाखवलं तर त्यांना ही तीन वेगळी माणसं वाटतील, आणि बँकेतल्या पोरालाही तसंच वाटतं.

शिवाय जन्मगाव. दाजींच्या पासपोर्टावर जन्मजिल्हा उस्मानाबाद, आता तो धाराशिव. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. २०२३मधल्या या बदलामुळं पासपोर्ट बदलायची गरज नाही, पण इकडच्या एखाद्या खिडकीवर कुणी अडवलं तर सरकारी अधिसूचनेची प्रत फाईलमध्ये असलेली बरी. आणि जन्म १९५६च्या आधीचा असेल तर तुम्ही कागदोपत्री हैदराबाद राज्यात जन्मला आहात. त्या काळच्या कितीतरी नोंदी उर्दूत किंवा मोडीत आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते, पण ती वाचणारा माणूस शोधावा लागतो आणि भाषांतर प्रमाणित करून घ्यावं लागतं.

दाजींच्या बाबतीत तर कागदच नव्हते. त्यांचं गाव किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे वाडा बसला, त्यात माळवदाखाली जी लोखंडी पेटी गेली ती पुन्हा हाती लागली नाही. दाजी तेव्हा अमेरिकेत होते. शेवटी औशाच्या शाळेनं जुन्या जनरल रजिस्टरवरून निर्गम उतारा काढून दिला. तो हातात आल्यावर दाजींनी चष्मा काढून पुसला आणि मुख्याध्यापकांनी पुढं केलेल्या खुर्चीत न बसता उभ्यानंच तो दोनदा वाचला. वडिलांचं नाव, गाव, तालुका, जन्मतारीख अक्षरी. तुमचे कागद हरवले असतील तर आधी शाळेत जा, मग ग्रामपंचायतीत, मग तहसीलला. शाळांची रजिस्टरं सहसा शाबूत असतात.

हे सगळं गोळा झालं की एकच प्रतिज्ञापत्र करा: ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत, प्रत्येक नाव कोणत्या कागदावर आहे ते तक्त्यात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी सोबत जोडा. पाच-सहा प्रमाणित प्रती काढून ठेवा. आम्ही हे सहाव्या महिन्यात केलं. पहिल्या महिन्यात करायला हवं होतं.

तिकडचे कागद, म्हणजे लग्नाचा दाखला किंवा जन्मदाखला, इथं चालवायचे तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणीकरण, लागतं. अमेरिकेत ते ज्या राज्यानं कागद दिला त्याच राज्याच्या सचिव कार्यालयातून मिळतं. निघण्याआधी करून घ्या.

पायरी चौथी: कोणत्या महिन्यात उतरायचं

तिकीट काढण्याआधी सी.ए.ला भेटा, नंतर नाही. आयकरासाठी आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात १८२ दिवस भारतात भरले की तुम्ही निवासी. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे बरोबर १८२ दिवस होतात, लीप वर्षात १८३. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर उतरलात तर त्या वर्षापुरते अनिवासी राहू शकता. 'शकता' म्हणतो, कारण आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झाले असतील तर ६० दिवसांतही निवासी ठरू शकता. दरवर्षी आईवडिलांना भेटायला तीन-तीन महिने येणाऱ्यांना हे लागतं.

त्यानंतर मधला टप्पा असतो, त्याला सी.ए. लोक आर.एन.ओ.आर. म्हणतात. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांपेक्षा जास्त भारतात नसाल, तर परदेशातल्या तुमच्या पेन्शनवर, व्याजावर, घरभाड्यावर भारतात कर लागत नाही. साधारण दोन-तीन वर्षं ही मुभा मिळते. तिकडचं घर विकायचं असेल, गुंतवणूक मोडायची असेल तर ती याच काळात. आक्का-दाजी महालक्ष्म्यांना घरी पोचायचं म्हणून भाद्रपदात उतरले. मी त्यांना अडवलं नाही, इतक्या वर्षांनी बहीण महालक्ष्म्यांना घरी येत होती. पण तिसरं वर्ष मुभेत बसतं का, ते मग जुन्या फेऱ्यांच्या दिवसांवर अवलंबून राहिलं आणि आम्हाला दोन्ही पासपोर्टांवरचे शिक्के एकेक करून मोजावे लागले.

मुभा संपली की परदेशातली सगळी खाती, शेअर, घर विवरणपत्रात दाखवणं सक्तीचं आहे. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्यात दहा लाखांचा दंड होऊ शकतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवर, तिकडच्या ४०१-केसारख्या, पैसे काढाल तेव्हाच कर लागावा अशी निवड करता येते. त्यासाठी वेळेत फॉर्म भरावा लागतो, आपोआप होत नाही.

अमेरिकी नागरिकांना इकडं राहूनही तिकडचं विवरणपत्र दरवर्षी भरावंच लागतं. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा अहवाल. दोन मुदत ठेवी असल्या तरी ती रेषा ओलांडली जाते. आक्काचं नाव घरच्या कुणाच्या खात्याला सहज म्हणून जोडू नका, ते खातंही मोजलं जातं.

पायरी पाचवी: पेन्शन आणि बँक

अमेरिकेची सोशल सिक्युरिटी नागरिकाला भारतात राहूनही मिळते, आणि दोन देशांच्या करारानुसार तिच्यावर कर लावायचा हक्क अमेरिकेचाच आहे. इकडच्या सी.ए.ला हे मुद्दाम सांगा, अनेकांना ठाऊक नसतं. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात येते, पण तिथल्यासारखी दरवर्षी वाढत नाही, आलात त्या आकड्यावर गोठते. कॅनडाची वृद्धापकाळ पेन्शन बाहेर राहून कायम मिळायची तर वयाच्या अठराव्या वर्षानंतर किमान वीस वर्षं तिथं राहिलेलं हवं. नसेल तर सहा महिन्यांनी थांबते. हिशेब मांडताना हे तीन वेगवेगळे आहेत हे विसरू नका.

कायमचं राहायला आलात की फेमाच्या दृष्टीनं तुम्ही भारतातले रहिवासी झालात, पासपोर्ट कोणताही असो. म्हणून एनआरई आणि एनआरओ ही अनिवासींसाठीची खाती तशीच चालू ठेवणं बरोबर नाही. बँकेला लेखी कळवा. एनआरओचं साधं निवासी खातं होतं. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मुदत संपेपर्यंत ठेवता येते. परकीय चलनातलेच पैसे ठेवायचे असतील तर आरएफसी खातं उघडा. परदेशात कमावलेली मालमत्ता परदेशात ठेवायला कायद्याची हरकत नाही, ती विकून सगळं इकडं आणलंच पाहिजे असं काही नाही.

एका बँकेत आम्हाला सांगण्यात आलं की आधार नसेल तर खातं नाही. पासपोर्ट, ओसीआय आणि पत्त्याचा पुरावा यांवर खातं उघडता येतं. मी त्या मुलाशी वाद घातला नाही, लेखी नकार मागितला. दुसऱ्या दिवशी फोन आला, खातं उघडलं गेलं. हा उपाय सगळीकडं लागू पडतो: नकार लेखी मागा, शांतपणे.

आणि तिकडचा मोबाईल नंबर बंद करू नका. दाजींनी निघताना स्वस्तात बंद केला. मग तिकडच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर. रात्री दोन वाजता, तिकडं बँक उघडी असताना, ते फोन कानाला लावून बसायचे. हळू आवाजात, आक्का उठू नये म्हणून. स्वतः असण्याचा पुरावा द्यायला सात आठवडे गेले. सगळ्यात हलका प्लॅन घ्या, ई-सिम करा, वायफाय कॉलिंग चालतं का ते तिथंच तपासा.

पायरी सहावी: आल्यावरचे पहिले सहा महिने

पत्त्याचा पुरावा सर्वांत आधी. घर भाड्याचं असेल तर करार नोंदणीकृतच करा, नुसता स्टँपवरचा नोटरी करार कामाचा नाही. स्वतःचं असेल तर लाईटबिल नावावर करून घ्या. सिमकार्ड पासपोर्ट आणि ओसीआयवर मिळतं, पण कोपऱ्यावरचा दुकानदार आधारच मागतो, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या दालनात जा.

आधार ओसीआयधारकांना मिळतं, मात्र अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं हवं. त्याआधी रांगेत उभं राहू नका. ते दहा वर्षांसाठी वैध असतं. आक्काचे बोटांचे ठसे उमटत नव्हते. केंद्रातल्या बाईंनी तिची बोटं ओल्या फडक्यानं पुसून, थोडं खोबरेल लावून पुन्हा पुसली, मग चौथ्या वेळी उमटले. ज्येष्ठांनी सकाळच्या वेळी जावं, दुपारी उन्हानं हात कोरडे पडतात.

पॅन जुनं असेल तर तेच चालू ठेवा, दुसरं काढू नका, फक्त नागरिकत्वाची माहिती दुरुस्त करा. नवं काढायचं तर परदेशी नागरिकांचा फॉर्म वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवान्यावर फार तर एक वर्ष चालवता येतं. नंतर आरटीओत रीतसर लायसन. दाजींना डावीकडून चालवायची सवय व्हायला वेळ लागला, आणि औसा रोडवर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की मी स्वतः चाळीस वर्षं इथं गाडी चालवूनही रात्री निघत नाही. ड्रायव्हर ठेवा.

मतदार यादीत जुनं नाव राहिलं असेल तर नमुना सात भरून काढून टाका. आक्काचं माहेरच्या यादीत होतंच. गेल्या निवडणुकीला गल्लीतल्या बायका बोलवायला आल्या, तिनं हात जोडून नाही म्हटलं. परदेशी नागरिकानं मत टाकणं गुन्हा आहे.

घर आणि पाणी

पहिला उन्हाळा भाड्याच्या घरात काढा. घर विकत घेण्याआधी एक एप्रिल-मे इथं राहून बघा, मग ठरवा. दिवाळीतला मराठवाडा बघून फ्लॅट बुक करणारे फार. मेमध्ये पारा ४२च्या पुढं जातो आणि नळाचं गणित बदलतं. लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे विसरून चालणार नाही. घर बघताना पहिला प्रश्न 'पाणी किती दिवसाआड येतं' हा विचारा, आणि मालकाला नाही, शेजारणीला विचारा. खाली हौद किती लिटरचा, वर टाकी किती, बोअर किती फूट, मार्चनंतर चालतं का, टँकर गल्लीत वळतो का. बोअरचं पाणी जड असतं, त्यानं गीझर आणि नळ दोन वर्षांत खराब होतात. लिफ्टला बॅकअप आहे का ते लाईट गेल्यावर स्वतः बघा. आक्काच्या गुडघ्यांसाठी आम्ही तळमजलाच घेतला.

अमेरिकेची ११०-१२० व्होल्टची उपकरणं इथं २३० व्होल्टवर जळतात. मिक्सर, इस्त्री आणू नका. आणायचंच तर रक्तदाबाचं यंत्र आणा, ते बॅटरीवर चालतं.

ओसीआयधारकाला फ्लॅट किंवा अकृषक प्लॉट घेता येतो, रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. पैसे बँकेतूनच द्या, रोखीत एक रुपया नाही. प्लॉटचा कागद मात्र वकिलाकडून तपासून घ्या. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी, खिदमतमाश आणि मदतमाश, भरपूर आहेत, त्यांची विक्री परवानगीशिवाय टिकत नाही. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर तो नियमित झाला आहे का, अकृषक वापराचे कागद आहेत का, बघा. 'सगळे असंच घेतात' हे उत्तर ऐकलं की उठून या.

परदेशातून कुणाला कुलमुखत्यारपत्र पाठवत असाल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आणि ते एका कामापुरतंच द्या, 'सर्व अधिकार' असं कधीही लिहून देऊ नका, सख्ख्या भावालाही. मी सख्खा भाऊ आहे, म्हणून अधिकारानं सांगतो.

शेतजमीन

वारसानं आलेली शेतजमीन ओसीआयधारकाच्या नावे होऊ शकते. आमच्या वडिलांची जमीन आक्काच्या नावे रीतसर लागली. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र आणि अर्ज, आता ऑनलाइनही करता येतो, मग तलाठी नोंद घेतात, फेरफार होतो, नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी मंजूर करतात. विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. बहिणींकडून हक्कसोड करून घ्यायची आपल्याकडं घाई असते. परदेशातून दोन आठवड्यांसाठी आलेल्या बहिणीची सही बारशाच्या गर्दीत घेऊ नये, आणि बहिणीनंही देऊ नये.

विकत घेण्याचा मार्ग मात्र बंद आहे. आक्काला आमच्या बांधाला लागून असलेली दोन एकर हवी होती. लहानपणी तिथल्या विहिरीवर ती पोहायला शिकली. ती मला म्हणाली, "पैसे मी देते, तुझ्या नावावर घे. तुझ्यात माझ्यात काय?" मी नाही म्हणालो. आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही. पण एकाचे पैसे आणि दुसऱ्याचं नाव, हा बेनामी व्यवहार आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षांची कैद आहे आणि जमीन सरकारजमा होते. पैसे खरोखर बक्षीस दिले तर गोष्ट वेगळी, पण मग ती जमीन भावाची, उद्या त्याच्या मुलांची. हे तिला मी विहिरीच्या काठावर बसूनच समजावलं. मराठवाड्यात शेतजमिनीला १९५०चा हैदराबाद कूळवहिवाट कायदाही लागू आहे, पुण्या-मुंबईच्या वकिलाला त्याची सवय नसते. वकील इथलाच करा.

दवाखाना आणि मागचं पुढचं

अमेरिकेची मेडिकेअर, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, भारतातल्या खर्चाला उपयोगी नाही. तिचा भाग बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सोडायचा की हप्ता भरत राहायचं, हा प्रश्न प्रत्येकापुढं येतो. सोडून पुन्हा घेतला तर दर बारा महिन्यांच्या खंडाला हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो. मुलं तिकडं असतील आणि मोठ्या आजाराला तिकडं जायचा विचार असेल तर माझं मत आहे की सोडू नये. इकडं आरोग्यविमा घ्यायला एप्रिल २०२४पासून वयाची ६५ची अट राहिलेली नाही, पण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून आल्या आल्या घ्या, आणि त्या तीन वर्षांसाठी वेगळी ठेव बाजूला काढा.

औषधांची नावं घटकांवरून लिहून आणा. तिकडचं ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. ब्रँडचं नाव सांगितलं तर दुकानदार गोंधळतो. जुने तपासणी अहवाल, ईसीजी, स्टेंटचं कार्ड छापून आणा, फोनमध्ये नको.

मृत्युपत्र दोन करा, तिकडच्या मालमत्तेचं तिकडं, इकडच्याचं इकडं. एकानं दुसरं रद्द होणार नाही असं दोन्हींत लिहा. इकडचं उपनिबंधकाकडं नोंदवा, सक्ती नाही, तरी नोंदवा. अमेरिकी नागरिकाचं इथं काही बरंवाईट झालं तर मुंबईच्या वकिलातीला कळवून मृत्यूचा अहवाल घ्यावा लागतो. तिकडची बँक आणि पेन्शन तोच कागद मागतात. मुलांना हे आधी सांगून ठेवा. तोंडानं बोलवत नसेल तर लिहून ठेवा.

आक्कानं लिहून ठेवलंय. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. वर १०८, त्याखाली कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा नंबर, माझा नंबर, दोघांच्या पासपोर्टांचे आणि ओसीआयचे नंबर, फाईल कोणत्या कपाटात ते, रक्तगट. आणि सगळ्यात खाली तिच्या शाळकरी अक्षरात: यांना सल्फाची ॲलर्जी आहे.